आतल्या खोलीपर्यंत

लालबाग
९ जानेवारी २०२५

चि. विनीत,

आशीर्वाद. पत्र हातानं लिहितोय, शेजारची श्रेया फोटो काढून तुला पाठवेल. टायपिंग करत बसलो तर आईची दोन औषधं चुकतात. आणि फोनवर बोलायचं म्हटलं तर माझे कान तुला ठाऊकच आहेत. एकतीस वर्षं साळखात्यात, कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटात काढली. मिलनं पगार दिला आणि कान ठेवून घेतले.

आई मंगळवारी हॉस्पिटलातून घरी आली. उजवी बाजू लुळी आहे, वाचा गेली. पण समजतं सगळं. डावा हात चालतो आणि त्या एका हातावर मला दिवसभर कामाला लावते. तिला पलीकडच्या फ्लॅटमधल्या शेवटच्या खोलीत ठेवलंय, कारण तिथल्या बाथरूमचं दार रुंद आहे, चाकाची खुर्ची जाते. चाळीतली माझी खोली आणि माझ्या थोरल्या भावाची, दादाची खोली, दोन्हींच्या बदल्यात दोन फ्लॅट मिळाले आणि मधे ये-जा करायला दार, तेव्हा मी किती ऐटीत मिरवलो होतो. आता ती ऐट नडते आहे. नेटचा डबा पहिल्या फ्लॅटच्या दाराशी आणि तुझी आई दुसऱ्याच्या शेवटच्या टोकाला. मधल्या भिंती सगळ्या काँक्रीटच्या, खिळा मारायला गेलं तर खिळाच वाकतो. मोबाइलची रेंजही आत येत नाही. काल तुझा व्हिडिओ कॉल आला, तो आईसमोर नेईपर्यंत तुझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिनं त्या थिजलेल्या चित्राकडेच बराच वेळ बघितलं.

दादरचा दुकानदार म्हणतो, भिंतीतल्या प्लगला लावायचा छोटा रिपीटर घ्या, काम झालं म्हणून समजा. घेऊ का? तू त्यातला माणूस आहेस.

येण्याची घाई करू नकोस. डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे.

बाबा


ब्रॅम्प्टन
११ जानेवारी

बाबा, नमस्कार.

रिपीटर अजिबात घेऊ नका. तो ऐकतो अर्धं आणि पुढे सांगतो त्याच्या अर्धं, तुमच्या भिंतींपुढे त्याचा निभाव लागणार नाही. मेश घ्या. तीन डब्यांचा सेट मिळतो. पहिला डबा कंपनीच्या डब्याला वायरने जोडायचा, बाकीचे दोन घरात पुढे पुढे ठेवायचे. तिघांचं मिळून एकच नेट, एकच नाव. फोन हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलात तरी कॉल तुटत नाही. खोक्यावर ट्राय-बँड लिहिलेला बघा, म्हणजे डब्यांना आपसात बोलायला वेगळी वाट मिळते. लॅमिंग्टन रोडला जा, श्रेयाला बरोबर न्या. आणि कंपनीच्या जुन्या डब्याचं वायफाय तेवढं बंद करायला सांगा, नाहीतर फोन सवयीने त्यालाच चिकटून बसेल.

माझा इथला मित्र अमित पुढच्या आठवड्यात मुंबईला येतोय. त्याच्याबरोबर तुमच्यासाठी कानाची मशिन्स पाठवतोय. प्लीज नाही म्हणू नका.

मला येता येत नाहीये, बाबा. इथे कायम राहण्याचा अर्ज आत आहे आणि जुनं परमिट संपलंय. आता देश सोडला तर परत आत घेणार नाहीत. तुम्ही घाई करू नकोस लिहिलंत, ते वाचून बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. मागच्याच्या मागच्या दिवाळीला मी परत निघत होतो तेव्हा आई म्हणाली, ‘माका चक्कर येता.’ मी बॅगेची चेन ओढत होतो. म्हटलं, ‘निघायच्या वेळी तुझी नाटकं नकोत हां आई.’ तुम्ही तिथेच होतात, पण तुम्हाला ऐकू गेलं नसणार. त्यानंतर फोनवर तिने तब्येतीचा शब्द काढला नाही. मी विचारलं की म्हणायची, ‘बरी आसंय.’ वर्षभर प्रेशर वाढत होतं आणि ती बरी आसंय म्हणत होती. मला तिची माफी मागायचीय, तिला समजतंय तोवर. म्हणून नेट त्या खोलीपर्यंत पोचलं पाहिजे.

विनीत


लालबाग
१९ जानेवारी

चि. विनीत,

आशीर्वाद. डबे आणले. लॅमिंग्टन रोडच्या पोरानं मला आधी तीन बिनकामाच्या वस्तू दाखवल्या. मी बहिरा आहे हे त्याला कळलं तसा तो श्रेयाशी बोलायला लागला आणि माझ्यासमोरच ‘म्हाताऱ्याला स्वस्तातला दे ना’ म्हणाला. साच्यावर एकतीस वर्षं एकमेकांचे ओठ वाचून बोललोय आम्ही. मी म्हटलं, ‘म्हाताऱ्याला ट्राय-बँड दे.’ पोरगा गोरामोरा झाला.

पण तुझे डबे चालत नाहीत. पहिला दाराशी लावला, त्याचा दिवा पांढरा. उरलेले दोन्ही आईच्या पलंगाशी ठेवले, कारण जिथं नेट नाही तिथंच डबे हवेत, साधी गोष्ट आहे. दोघांचे दिवे लाल. बाहेर जाताना नेहमीसारखी सगळी बटणं बंद करतो, परत आल्यावर चालू करतो, तरी लालच.

बाकी जे लिहिलंस ते वाचलं. खरंच, मी ऐकलं नव्हतं. त्यावर मी काही बोलत नाही, तू तिच्याशीच बोल.

बाबा


ब्रॅम्प्टन
२० जानेवारी

बाबा,

चाळीत नळ एका टोकाला होता आणि गणपतीत मांडवापर्यंत पाणी आपण हातोहात बादल्या देऊन न्यायचो, आठवतं? तुम्ही मधली माणसं काढून दोघांना थेट मांडवात उभं केलंय. त्यांच्या हातात बादली येणार कुठून? मधला डबा मधल्या दाराशी ठेवा, जिथे पहिल्याचं नेट अजून चांगलं येतंय. तिसरा आईच्या खोलीच्या दाराबाहेर. आणि मधल्या दाराला लागून आईचं लोखंडी कपाट आहे ना, ते हलवा. पत्र्यातून नेट जात नाही. बटणं तर बंद करूच नका, बाहेर जातानासुद्धा नाही. जीवावर येईल तुमच्या, माहितीये.

विनीत


लालबाग
२६ जानेवारी

चि. विनीत,

आशीर्वाद. कपाट हललं. अमित आला होता, त्यानं आणि मी मिळून ढकललं. आईला कपाट हलल्याचा आवाज आला असावा, आत गेलो तर डावा हात हलवून विचारत होती, काय मोडलंत? तिला म्हटलं, तुझा लेक यायचाय, वाट करतोय. तिनं दाराकडे बघितलं. मग मला समजावून सांगावं लागलं की फोनमधून यायचाय.

तीनही दिवे पांढरे. फोन घेऊन दारापासून पलंगापर्यंत चाललो, अमितचं चित्र पापणीसकट दिसत होतं, एकदाही थबकलं नाही. माझ्यासारख्याला चित्र थबकलं की शब्दही थबकतो, त्यामुळे मी फार खूश आहे. बटणं बंद न करता काल पहिल्यांदा घराबाहेर पडलो, जिना उतरेपर्यंत दोनदा मागे फिरलो.

अमितनं कानाची मशिन्स दिली. श्रेयानं ती माझ्या फोनला जोडून दिली. खरं सांगायचं तर नुसती घरघर ऐकू येते, शब्द कळत नाही. पण तू एवढी प्रेमानं पाठवलीस. रोज संध्याकाळी सातला फोन कर, तुझ्याकडे सकाळ असेल. तुला दिसावीत म्हणून मी मशिन्स घालून बसत जाईन.

बाबा


ब्रॅम्प्टन
२ फेब्रुवारी

बाबा,

आठवडा झाला, एकदाही कॉल तुटला नाही. आईच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसतो. पहिल्या दिवशी तिने हात उचलला. मी बर्फाबद्दल बोललो, ऑफिसबद्दल बोललो, खिचडी करपली ते सांगितलं. जे बोलायचंय ते रोज उद्यावर ढकलतोय. समोर तिचा तो वाकडा झालेला ओठ दिसतो आणि मी पुन्हा बर्फावर येतो.

एक विचारायचं होतं. मी बोलत असताना ती सारखा डावा हात कानाला लावते. काय म्हणायचं असतं तिला?

विनीत


लालबाग
४ फेब्रुवारी

चि. विनीत,

आशीर्वाद. अरे, ते माझ्या मशिन्सबद्दल आहे. जन्मभर ‘कानाचं काहीतरी करा’ म्हणून मागे लागली होती. आता लेकानं पाठवलेली मशिन्स मी घालतो की नाही, यावर नजर ठेवते. कानाला हात लावून विचारते, घातलीत? मी मान डोलावतो, यंत्र बोटानं दाबून नीट बसवून दाखवतो. मग ती डोळे मिटते. समाधान असतं तिला.

आणि तू मोकळेपणानं बोलत जा. फोन तिच्याकडे वळवला की मी नजर खाली घालतो. साळखात्यातला रिवाज होता तो. दोघं जण साच्यांवरून एकमेकांशी ओठांनी बोलत असले की तिसऱ्यानं त्यांच्याकडे बघायचं नाही, नाहीतर सगळ्यांचं सगळं सगळ्यांना कळायचं. घरची भांडणं, बायकामुलांचे आजार, सगळं आम्ही असंच शेकडो माणसांत बोलायचो आणि कुणी चोरून वाचायचं नाही. तुझं आणि तिचं बोलणं मीही वाचत नाही. तुला जे सांगायचं ते सांगून टाक, बाळा. उद्यावर नको.

बाबा


ब्रॅम्प्टन
९ फेब्रुवारी

बाबा,

आज बोललो. सगळं. नाटकं म्हणालो होतो तेही, आणि त्यानंतर तिने दुखणं लपवलं ते माझ्यामुळे, हेही. मी रडलो, तुम्हाला दिसलं नसेल. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. पुन्हा एकदा हात कानाला लावला. मग तिने हळूहळू मान वळवली, भिंतीकडे तोंड केलं आणि परत माझ्याकडे बघितलंच नाही. मी तीन वेळा आई म्हणून हाक मारली.

तिने ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं, बाबा.

विनीत


लालबाग
११ फेब्रुवारी

चि. विनीत,

आशीर्वाद. तसं मनाला लावून घेऊ नकोस. ती थकते. कालपासून जेवण कमी झालंय, पण काळजीचं कारण नाही. चार दिवस फोन नको करूस, जरा विसावा घेऊ दे तिला. मग पुन्हा बोल. राग धरणारी बाई नाही ती.

बाबा


ब्रॅम्प्टन
२४ फेब्रुवारी

बाबा,

दहा दिवस झाले. अमितने त्या दिवशी मोबाइल धरून सगळं दाखवलं. एकदाही अडकलं नाही. अडकलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही अग्नी देताना तुमच्या हाताला कुणीतरी आधार दिला, तो हात माझा असायला हवा होता. मी तिकीट काढलं होतं. विमानतळावर गेलो आणि परत आलो. हे कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याची शक्यता आधीच सांगितली होती, हे मला अमितकडून कळलं. तुम्ही लपवलंत. मी रागावलेलो नाही, मला रागवायचा हक्क उरलेला नाही.

आईने मला माफ केलं नाही. तिचं माझ्याकडे बघणं संपलं ते तोंड फिरवून. हे आता असंच राहणार. तुम्ही समजूत काढायला जाऊ नका. डबे श्रेयाला देऊन टाका, तुम्हाला एकट्याला पहिल्या खोलीतलं नेट पुरेल.

विनीत


लालबाग
२ मार्च

चि. विनीत,

आशीर्वाद. हे पत्र चार वेळा लिहिलं आणि फाडलं. लिहिलं नाही तर तुला कधीच कळणार नाही, असं एकदा मनात आलं. पण आईनं तोंड फिरवलं हे उरावर घेऊन तू तिथं एकटा बसला आहेस, तेव्हा लिहायलाच हवं.

काल श्रेया डबे काढायला आली होती. म्हणाली, काढण्याआधी विनीतदादाला विचारते, पासवर्डचं काय करायचं. माझ्याच फोनवरून तुला व्हिडिओ लावला. तू उचललास, तुझे ओठ हलत होते, मला दिसत होते. श्रेया ‘हॅलो, हॅलो’ करत राहिली आणि शेवटी तुला मेसेज करते म्हणून तिनं कॉल बंद केला, तुला आठवत असेल. मी तिला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, ‘आजोबा, काहीच ऐकू येत नाहीये.’ मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुम्ही मशिन घातलंय ना? सगळा आवाज तुमच्या कानात जातोय. मशिन चालू असलं की फोन बाहेर बोलत नाही.’

विनीत, आई गेली तोवर तुझा एक शब्दही तिच्या कानावर पडलेला नव्हता. रोज सातला मी मशिन्स घालून तिच्या उशाशी बसायचो. तू बोलायचास ते माझ्या कानात घरघर होऊन यायचं. मला वाटायचं पंख्याची घरघर आहे. आवाज येतोय की नाही हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही रे. मी फक्त चित्र बघितलं. माझ्यासारख्याला चित्र म्हणजेच बोलणं.

ती कानाला हात लावून सांगत होती, ऐकू येत नाही. तोंडानं सांगता येत नव्हतं, म्हणून हातानं सांगत होती. आणि मी मान डोलावत होतो, आणि यंत्र आणखी घट्ट दाबून बसवत होतो. तिच्यासमोर तू रोज ओठ हलवत होतास आणि शेवटी रडलास, आणि तिला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तिला वाटलं असेल, आपले कानही गेले. म्हणून तिनं तोंड फिरवलं. तुझ्यावर रागावून नाही. तू काय बोललास ते तिला माहीतच नव्हतं.

तुझी माफी मी खाल्ली. आता तुला काय लिहू? मला शिव्या दे. समोर येऊन दे, म्हणजे मला कळतील.

बाबा


ब्रॅम्प्टन
४ मार्च

बाबा,

तुम्हाला शिव्या देणार नाही. मशिन्स मी पाठवली होती.

पण माझ्याच्याने हे आत ठेवून जगवत नाही. शनिवारी सातला फोन करतो. मशिन्स काढून ठेवा. फोन स्वतःसमोर धरा आणि नजर खाली घालू नका. आईला जे बोललो ते सगळं पुन्हा बोलणार आहे. तुम्ही वाचा. कुणीतरी एकाने तरी ते पूर्ण वाचावं एवढंच.

विनीत


लालबाग
९ मार्च

चि. विनीत,

आशीर्वाद. काल मी आईच्या पलंगावर बसून फोन धरला. डबे काढू दिले नाहीत, अजून जागेवर आहेत. तू बोललास ते सगळं वाचलं, पहिल्या शब्दापासून. रडताना ओठ वेडेवाकडे होतात, तेवढे दोन-तीन शब्द निसटले. ते पुन्हा विचारणार नाही.

शेवटी तू विचारलंस, ‘बाबा, तिने ऐकलं असतं तर माफ केलं असतं ना?’ मी उत्तर न देता फोन बंद केला. तुला वाटलं असेल म्हातारा हळवा झाला. तसं नाही.

आई गेल्यावर श्रेयानं मला एक सांगितलं होतं. तुझ्यापासून ते लपवलं. मागच्या पावसाळ्यात ती दुपारी दळण ठेवायला आली होती, तेव्हा आई ओट्याला धरून उभी होती. म्हणाली, चक्कर येता. श्रेया म्हणाली, ‘आजी, आजोबांना सांगा ना.’ त्यावर आई हसून म्हणाली, ‘सांगतंय गो. रोज हयसून सांगतंय.’

हयसून म्हणजे ओट्यापाशी उभी राहून, माझ्याकडे पाठ करून. मी तिच्या मागे टेबलाशी पेपर वाचत असायचो. तोंड वळवल्याशिवाय मला कळत नाही हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तिला ठाऊक होतं. का वळली नाही, मला माहीत नाही. कंटाळली असेल. की बघत असेल, हा कधी आपणहून मान वर करतो का. मी केली नाही. तू एकदा नाटकं म्हणालास. मी ती रोज सांगत असताना पेपराचं पान उलटत होतो.

काल हो म्हणणं सोपं होतं. तुझा चेहरा बघून ते ओठावर आलंही होतं. पण चव्वेचाळीस वर्षं एका घरात काढून तिच्या वतीनं हो म्हणण्याइतकं मी तिचं ऐकलेलं नाही. म्हणून म्हणालो नाही, रागावू नकोस.

ती असती तर मलाही तिला तेच विचारायचं होतं.

बाबा